चोर्ला घाटातला उजेड: ‘काही नव्हतं’ हे उत्तर झालं का?

वाळपईचा वाटसरू

डिसेंबरात बेळगावला नात्यातलं लग्न होतं. बायकोची दुसऱ्या दिवशी सकाळची ड्युटी, म्हणून मुक्काम न करता रात्रीच परत निघालो. गाडीत आम्ही दोघं, सासूबाई आणि चालवायला आमच्या वाड्यावरचे एक वयस्क ड्रायव्हर. सगळे त्यांना मामा म्हणतात. चोर्ला ओलांडून घाट उतरायला लागलो. एका वळणावर झाडी संपते आणि खाली गोव्याचे दिवे दिसतात, तिथे मामांनी गाडी एकदम हळू केली. पहाटेचे ४:४० झाले होते.

समोर डोंगराच्या धारेच्या जरा वर एक पांढराशुभ्र उजेड होता. शुक्राच्या चांदणीपेक्षा कितीतरी ठळक, आणि जागच्या जागी. इंजिन बंद करून खाली उतरलो. रातकिड्यांशिवाय कसलाही आवाज नाही. पाच-सहा मिनिटं तो तसाच होता, फक्त मोठा होत गेला. मग एकाचे दोन झाले, शेजारी शेजारी. मी बायकोला बोट दाखवायला गेलो तर मामा दबक्या आवाजात म्हणाले, “ताका बोट दाखोवं नाकात.” चपला काढून त्यांनी हात जोडले. पुढे ते दोन्ही विझत आले आणि तेवढाच ठळक एक तांबडा उजेड राहिला. तो डावीकडे सरकत सरकत धारेमागे गेला. एकदाही लुकलुकला नाही.

मामा म्हणतात राखणदाराची चूड, म्हणजे गाव राखणाऱ्या देवाची मशाल. बायको म्हणते विमान. सासूबाई काहीच म्हणत नाहीत, पण त्या रात्रीचा विषय निघाला की गप्प होतात. मोबाईलवर घेतलेल्या व्हिडिओत एक थरथरणारा ठिपका आहे, बाकी अंधार. ऑफिसात सांगितलं तर पहिला प्रश्न, “लग्नात किती घेतली होती?” मी घेत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. चार जाग्या माणसांनी, चारही शुद्धीत, एक गोष्ट पाहिली. तिला ‘काही नव्हतं’ म्हणून निकालात काढणं मला अपमानाचं वाटतं. मामांचं उत्तर मला पटत नाही, पण निदान त्यांनी जे दिसलं ते दिसलं असं मानलं. तुम्हाला काय वाटतं?

मोजपट्टी

वाटसरूबाब, तुम्ही पाहिलंत यावर माझा पूर्ण विश्वास आहे. पण ‘अज्ञात’ हा काही उजेडाचा प्रकार नव्हे. आपल्याकडे किती नोंद कमी पडली, एवढंच तो शब्द सांगतो. तुम्ही वेळ दिलीत, रंग दिलात, क्रम दिलात. दिशा आणि उंची दिली नाहीत. हात लांब करून मूठ धरली की क्षितिजापासून साधारण दहा अंश होतात, एवढं मोजलं असतं तरी पुष्कळ झालं असतं.

आहे त्यावर सांगतो. उल्का नव्हे, ती दोन-चार सेकंदांत संपते. उपग्रहही नव्हे. अंतराळ स्थानक सुमारे ४०० किलोमीटरवर फिरतं, स्टारलिंकचे उपग्रह साधारण ५५० वर. ते स्वतः उजळत नाहीत, त्यांच्यावर ऊन पडावं लागतं. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य उगवायला पावणेसात होऊन जातात. ४:४० ला पश्चिमेच्या आकाशात त्या उंचीवर पृथ्वीची सावली असते. शिवाय उपग्रह पाच मिनिटं एका जागी थांबत नाही.

उरतं विमान, आणि तुमच्या पत्नीचं म्हणणं मला सगळ्यात जवळचं वाटतं. दाबोळी विमानतळाची धावपट्टी साधारण पूर्व-पश्चिम आहे. विमान वाऱ्याला तोंड देऊन उडतं. हिवाळ्यात पहाटे आपल्याकडे मतलई वारे वाहतात, म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे. अशा वेळी विमान पूर्वेकडे, घाटाच्या रोखाने उडण्याची शक्यता जास्त. तिथून तुमच्या वळणापर्यंत सरळ रेषेत चाळीसेक किलोमीटर. समोरून तुमच्याकडेच येणारं विमान हलताना दिसत नाही, नुसतं मोठं होतं. विमानाचे पुढचे दोन पांढरे दिवे लांबून एक वाटतात, जवळ आले की वेगळे दिसतात. साधारण दहा हजार फुटांवर वैमानिक ते दिवे बंद करतो. आणि दक्षिणेकडे वळलं असेल तर डावा पंख तुमच्याकडे येतो. डाव्या पंखाच्या टोकाला तांबडा दिवा असतो, तोही न लुकलुकणारा.

आवाज का नाही, याचं उत्तर अंतरात आहे.

आजीचा नातू

मोजपट्टीबाब, तुमचा हिशोब वाचला. पण घाटात उभा राहून हात जोडणारा माणूस चूक आणि फळ्यावर आकडे मांडणारा बरोबर, हे तुम्ही इतक्या लवकर कसं ठरवलंत?

मी सत्तरी तालुक्यातच वाढलो. आमच्या आजीच्या लहानपणी रात्री गावातून गावात जायचं तर माडाच्या सुक्या झावळांची चूड पेटवून जायचे. डोंगरावर उजेड चालताना दिसला की कोणीतरी वाटेवर आहे हे कळायचं. ज्या वाटेवर माणूस असणं शक्यच नाही तिथे उजेड दिसला तर तो राखणदाराचा. हातात काठी, खांद्यावर कांबळ, गावाची शीव राखत फिरणारा. आजी त्याला घाबरायची नाही. वाट चुकलेल्याला तो घरापर्यंत पोचवतो असं ती सांगायची. बोट दाखवू नये, शीळ घालू नये, हाका मारू नये. हे नियम ज्या रानासाठी होते तिथे माणसं कुऱ्हाड लावायला कचरायची. आमच्या देवराया अशाच वाचल्या.

तुम्ही ‘शक्यता जास्त’ म्हणता, मग पुढे तिलाच उत्तर म्हणता. मामांनाही शक्यताच दिसली. त्यांनी तिला मान दिला.

मोजपट्टी

मान देऊ नका असं मी कुठेच लिहिलेलं नाही. देवराई वाचली याचा मलाही आनंद आहे. पण तिच्यासाठी दाबोळीचं विमान राखणदाराच्या नावावर लिहायची गरज नाही.

चुकीच्या नोंदीचं एक उदाहरण देतो. ऑगस्ट २०१२ ते फेब्रुवारी २०१३ या काळात लडाखच्या सीमेवर आपल्या जवानांनी आकाशातल्या अज्ञात वस्तूंच्या ३२९ नोंदी केल्या. चीनचे ड्रोन असावेत असा संशय होता. शेवटी बेंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेतल्या खगोलशास्त्रज्ञांना विचारलं. ते निघाले गुरू आणि शुक्र. जवान शुद्धीत होते, शिस्तीचे होते, रात्र रात्र पहारा देणारे होते. उंचावरच्या विरळ हवेत ग्रह जास्त ठळक दिसतात, आणि अंधारात एकट्या उजेडाकडे टक लावली की स्थिर उजेडही सरकल्यासारखा वाटतो. यात त्यांचा अपमान कसला? डोळा असाच चालतो.

बेतूलची लेक

आमच्या घरी तीन पिढ्या रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं जाळं, आणि होडी. वडील सांगायचे, पूर्वी समुद्रावर काळोख म्हणजे काळोख. आता दर्यावर लांब पांढरा-हिरवा उजेड दिसतो, ढग खाली असले तर ढगसुद्धा उजळतात. किनाऱ्यावर आलेले पर्यटक फोटो काढतात आणि ‘गूढ प्रकाश’ म्हणून पाठवतात. ते एलईडीचे बोटवाले असतात. पाण्यावर प्रखर दिवे सोडायचे, मासळी उजेडाला गोळा होते, लहान-मोठी सगळी एका जाळ्यात उचलायची. केंद्राने २०१७ मध्ये यावर बंदी घातली. दिवे अजून दिसतात.

म्हणून आजीच्या नातवाला मला सांगायचंय, प्रत्येक उजेडाला गूढ राहू द्या असं म्हणणं सोपं नसतं. आमच्या इथे तो उजेड कोणाचा हे विचारलं नाही तर वडिलांची टोपली रिकामी येते. उजेडामागे माणूस असतो तेव्हा त्याला जाब विचारायला हवा.

वाटसरूबाबांनी पाहिलेला एलईडीचा नव्हता हे उघड आहे, तो आकाशात वर होता. मी फक्त सवयीबद्दल बोलतेय.

झाडीपट्टीतला मडगावकर

मी मूळचा चंद्रपूरचा, नोकरीमुळे इथे. ‘कारण कळलं की मजा जाते’ असं लोक म्हणतात, त्यांना माझा अनुभव सांगतो.

२ एप्रिल २०२२, गुढीपाडवा. मी गावी होतो. जेवणाआधी अंगणात बसलो होतो, आठच्या सुमाराला आकाशात आगीच्या रेघांचा एक झुबका आला. उल्केसारखा झटकन गेला नाही, सावकाश, तुटत तुटत, या टोकापासून त्या टोकापर्यंत. गल्लीत आरडाओरडा. कोणी म्हणालं विमान कोसळलं, कोणी म्हणालं युद्ध, आमच्या काकूंनी देवघरात दिवा लावला. नंतर कळलं की सिंदेवाही तालुक्यात लाडबोरीला धातूचं कडं पडलंय, जवळजवळ तीन मीटर रुंद, वस्तीलगत. पुढच्या दिवसांत धातूचे गोळेही सापडले. चीनच्या लाँग मार्च ३बी रॉकेटचा तुकडा परत येताना जळला होता, असं जाणकारांनी सांगितलं. रॉकेट २०२१ च्या फेब्रुवारीत उडालेलं.

खरं कारण ऐकल्यावर माझी झोप जास्त उडाली. वर्षभर तो सांगाडा आपल्या डोक्यावरून फिरत होता आणि गुढी उतरवायच्या दिवशी कोणाच्या तरी छपरावर पडला असता. देवघरातल्या दिव्यापेक्षा ही गोष्ट मला जास्त भयंकर वाटते.

रात्रपाळी

सगळे एक गोष्ट विसरताहेत. कारण कोणाकडे असतं? १५ डिसेंबर २०२२ ला संध्याकाळी बंगालच्या काही भागांत लोकांनी आकाशात विचित्र उजेड पाहिला. त्याच संध्याकाळी अग्नी-५ क्षेपणास्त्राची चाचणी झाली होती, हे लोकांना नंतर कळलं. ज्याने तेव्हा पाहिलं त्याच्यासाठी तो अज्ञातच होता, आणि त्याने कितीही मुठी मोजल्या तरी तो अज्ञातच राहिला असता.

दाबोळी हा नुसता प्रवासी विमानतळ नाही, आयएनएस हंसा हा नौदलाचा तळ तिथेच आहे. नौदलाची विमानं रात्री काय करतात ते तुम्हाआम्हाला सांगून करत नाहीत, आणि करूही नये. मग वाटसरूने ‘मला माहीत नाही’ म्हटलं तर त्याला नोंद अपुरी म्हणून कमी का लेखायचं? नोंद दुसऱ्याच्या कपाटात आहे.

मोजपट्टी

रात्रपाळी, हा मुद्दा मला मान्य आहे. प्रवासी विमानांचा माग उघड संकेतस्थळांवर दिसतो. लष्करी विमान तिथे दिसेलच असं नाही. मी हे आधीच लिहायला हवं होतं.

पण नौदलाचं विमान असलं तरी ते विमानच.

वाळपईचा वाटसरू

दोन रविवारांनी मी पुन्हा गेलो. त्याच वळणावर, पहाटे चारपासून. सोबत होकायंत्र, थर्मासमध्ये चहा, आणि हट्टाने आलेल्या सासूबाई. मामा आले नाहीत. म्हणाले, “एकदा दिसलें म्हणून परत सोधूंक वचपाचें न्हय.” एकदा दिसलं म्हणून परत शोधायला जायचं नसतं.

ज्या धारेवर उजेड होता ती दिशा नैऋत्य भरली, २३० अंशांच्या आसपास. घरी येऊन नकाशावर रेघ ओढली तर ती जवळपास दाबोळीवरूनच जाते. उंची एक मूठसुद्धा नाही, तीन बोटं. पाचच्या सुमाराला त्याच जागी एक पांढरा ठिपका उगवला, थांबला, मोठा झाला, दोन झाले. आवाज नाही. नंतर तो लुकलुकत डोक्यावरून उत्तरेला गेला तेव्हा घरघर ऐकू आली. विमान होतं. माझ्या अंगावर काटा आला, कारण पहिला अर्धा भाग हुबेहूब तोच. म्हणजे बायको बरोबर होती, आणि हे मी तिला तिथूनच फोन करून सांगितलं.

सासूबाई मात्र खाली उतरून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “हे ठीक. तांबडं कुठाय?”

त्या रात्रीची नोंद संकेतस्थळावर शोधली. फुकटात मागचे थोडेच दिवस दिसतात, ती तारीख गेली.

मोजपट्टी

वाटसरूबाब, तुम्ही परत गेलात याचा मला फार आनंद झाला. आता फक्त तांबड्याचं सांगा. तो दिसू लागल्यापासून धारेमागे जाईपर्यंत किती वेळ?

वाळपईचा वाटसरू

घड्याळ बघितलं नव्हतं. पण सासूबाईंच्या हातात जपमाळ होती. तांबडं झालं तेव्हा त्यांनी मेरुमण्यापासून सुरुवात केली आणि तो गेला तेव्हा अर्धी माळ झाली होती, असं त्या ठामपणे सांगतात. आज त्यांना समोर बसवून, त्यांच्या नेहमीच्या लयीत, चौपन्न मणी मोजायला लावले. २ मिनिटं १० सेकंद. दुसऱ्यांदा २ मिनिटं ५ सेकंद.

मोजपट्टी

चढतं विमान दोन मिनिटांत पंधरा-सोळा किलोमीटर जातं. पंखाच्या टोकाचा तांबडा दिवा एवढा वेळ, एवढ्या लांबून, पांढऱ्याइतकाच ठळक दिसणार नाही. पांढऱ्याबद्दल मी ठाम आहे. तांबड्याला माझं उत्तर पुरत नाही. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा, आणि तो डावीकडे किती बोटं सरकला हे त्यांना आठवतंय का, विचारा.