अनुभव धागा: ओटीपोटाचं जुनं दुखणं आणि नवरा-बायकोतली जवळीक

केवडा, रत्नागिरी:
काल शेजारची नवी सून ओटीवर बसून सहज बोलून गेली, "काकू, हे झोपल्याशिवाय मी खोलीत जातच नाही." पोटात कालवलं माझ्या. लग्नानंतर मीही सगळी निजली तरी अडाळीवर बसून उद्याचा नारळ खवत असायचे, खोलीतला दिवा विझेपर्यंत. संबंधांच्या वेळी आत सुरी फिरवल्यासारखं व्हायचं, पुढचा दिवसभर ठणका. सोनोग्राफी नॉर्मल. "मूल झालं की थांबेल," हे तर सगळ्यांकडून ऐकलं. शेवटी कोल्हापूरला लॅप्रोस्कोपीत, म्हणजे पोटाला बारीक छिद्रं पाडून दुर्बिणीने करतात त्या ऑपरेशनात, एंडोमेट्रिओसिस निघाला; यात गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढतो. पाळीच्या वयातल्या साधारण १० टक्के बायकांना असतो, आणि सोनोग्राफीत दिसेलच असं नाही.

ऑपरेशननंतर दुखणं बरंच कमी झालं, तरी यांनी खांद्यावर नुसता हात ठेवला की मी आक्रसायचे. हात आला म्हणजे पुढचं सगळं येणार! मग दोघांनी बोलून ठरवलं, सध्या संबंध नाहीतच. तेव्हा कुठे मला त्यांच्या कुशीत झोप लागायला लागली. केसांना तेल लावून देणं, पाय चेपणं, दुपारी पडवीत टेकून बसणं, सगळं परत आलं. तुम्हीही लिहा. त्या पोरीला वाचायला देणार आहे.

पावशी:
अगदी हेच. माझे तर दुखेल या भीतीनेच खालचे स्नायू आवळतात, आणि आवळले की आणखी दुखतं. फिजिओथेरपिस्टने पोटातून श्वास घ्यायला शिकवलं. नंतर लिहिते, कुकर लावलाय.

अबोली:
कीगल कर गं, तो खालचे स्नायू आवळून सोडायचा व्यायाम, मला बाळंतपणानंतर खूप फायदा झाला.

पावशी:
ताई, स्नायू आधीच आवळलेले असतील तर कीगलने उलट वाढू शकतं. मला आधी सैल सोडायलाच शिकवलं.

खाडीकाठ:
पुरुषाने लिहिलं तर चालेल ना? मला वृषणांच्या मागे दुखतं, वीर्यपतनानंतर जास्त. लघवीचे रिपोर्ट स्वच्छ, अँटिबायोटिक घेऊन झाल्या. एसटीत चिपळूणपर्यंत बसवत नाही. मी लांब राहायला लागलो तर बायकोला वाटलं, ती मनातून उतरली. हिला सगळं सांगितलं त्या रात्री आम्ही दोघंही रडलो. आता रोज रात्री जवळ पडून बोलतो, एवढं तरी चुकवत नाही.

केवडा:
दादा, बरं झालं लिहिलंत. पुरुष सांगतच नाहीत.

मालवणची माऊ:
बाय गो, वाचून डोळ्यात पाणी इला. माझ्या घोवान कधी जबरदस्ती करूक नाय. गरम पाण्याची पिशवी मी उशीकडे ठेवलंय की तेका समाजता, आज नुसता जवळ निजाचा. तोंडान सांगूची लाज वाटता, म्हणान ह्या बरा.

सुरंगी:
कोरडेपणाने दुखत असेल तर? खोबरेल चालतं का?

पावशी:
कंडोम वापरत असाल तर तेल नको, रबर कमकुवत होतं. मेडिकलमध्ये पाण्याच्या बेसचं लुब्रिकंट, म्हणजे ओलावा देणारं जेल, मागा. आणि दुखलं की थांबायचं, दात-ओठ खाऊन सहन करायचं नाही.

सुरंगी:
मेडिकलवाला आमच्याच वाडीतला आहे गं 🙈

अबोली:
यांना पाठव की!

जाईजुई:
केवडाताई, माझी लॅप्रोस्कोपी पुढच्या आठवड्यात आहे आणि गणपती तोंडावर. घरात पाहुणेच पाहुणे. कसं निभावू?

केवडा:
डॉक्टरांना विचारून घे, मला जड उचलायला मनाई होती. चाकरमानी येतील त्यांना पाणी भरायला लाव. मोदक जावेला करू देत, तू खुर्चीवर बसून नुसतं सारण भर. कुठे आहे ऑपरेशन, कोल्हापूर की गोवा?