लोकांनी आपल्याशी जसं वागावं असं वाटतं, तसं आपण वागतो तेव्हा: मुंबईकर ख्रिस्ती मंडळींचे अनुभव

गिरगावातून, सुरुवात करताना

बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायातलं बारावं वचन आपल्यापैकी बहुतेकांना संडे स्कूलपासून पाठ आहे. लोकांनी आपल्याशी जसं वागावं अशी आपली इच्छा असते, तसंच आपणही त्यांच्याशी वागावं. नियमशास्त्र आणि संदेष्टे, म्हणजे येशूच्या आधीचं पवित्र शास्त्र, यांचं सार तेच. लूकने आपल्या शुभवर्तमानात हेच वचन कुठे ठेवलंय ते पाहा. वैऱ्यांवर प्रीती करा, शाप देणाऱ्यांना आशीर्वाद द्या, याच्या पाठोपाठ. आणि पुढच्याच ओळीत येशू विचारतो, तुमच्यावर प्रीती करणाऱ्यांवरच तुम्ही प्रीती केलीत तर त्यात विशेष काय? समोरच्याने आधी नीट वागावं, अशी अट इथे कुठेच नाही.

चाळीत, ऑफिसात, दवाखान्यात, भाड्याच्या घरात हे कसं पाळलं जातं, ते तुमच्या शब्दांत लिहा. तुम्ही कुणासाठी केलेलं लिहा, कुणी तुमच्यासाठी केलेलंही लिहा. ते करणारा ख्रिस्ती असायलाच हवा असं नाही.

भायखळा, निवृत्त परिचारिका

सर्वांना सलाम. माझी सगळी नोकरी सरकारी रुग्णालयाच्या जनरल वॉर्डात गेली. प्रशिक्षण सुरू होण्याआधी मला टायफॉइड झाला होता आणि मी अशाच एका वॉर्डात पडून होते. तिथे एक वयस्क सिस्टर होत्या. अंगाला हात लावण्याआधी त्या सांगायच्या, "बाळा, आता पाठ पुसते हं, पाणी जरा गार आहे." बाकी कुणी सांगत नसे. चादर ओढली जायची, कुशीवर वळवलं जायचं आणि पलीकडच्या खाटेजवळचे पाहुणे बघत असायचे.

पुढे मी स्वतः वॉर्डात उभी राहिले तेव्हा ते मनात पक्कं होतं. स्पंजिंग करताना जेवढा भाग पुसायचा तेवढाच उघडा ठेवायचा. बेडपॅन देण्याआधी पडदा. पडदा नसला तर दोन आयांना चादर धरून उभं करायचं. बेशुद्ध रुग्णालाही सांगायचं की आता सुई टोचतेय. नवीन मुली विचारायच्या, "सिस्टर, त्यांना कुठे ऐकू येतंय?" मी म्हणायचे, तू तिथे असतीस तर तुला काय हवं असतं? एवढं विचारलं की बहुतेकींना पुढचं सांगावं लागत नसे. साठ खाटांच्या वॉर्डात रात्रपाळीला आपण दोघीच असताना हे जमवणं जड जातं, हे मी लपवणार नाही. पण पडदा ओढायला किती वेळ लागतो?

मरोळ गावठाण

आमचं घर जुनं, ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळच्या मराठी बोलणाऱ्या कॅथलिक समाजाच्या पद्धतीचं. मागच्या दोन खोल्या भाड्याने देतो. माझा मुलगा नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेला तेव्हा त्याला घर मिळेना. कधी आडनाव ऐकून, कधी 'घरात मासे शिजणार का' हे विचारून नकार. फोनवर त्याचा आवाज ऐकवत नव्हता.

तेव्हापासून आमच्याकडे खोली बघायला येणाऱ्याला मी फक्त भाडं, डिपॉझिट आणि पाण्याची वेळ सांगतो. करार आणि पोलिसांकडची नोंदणी व्हायला हवी, ती करतो. जात, धर्म, चुलीवर काय शिजतं हे विचारत नाही. सध्या एक मुस्लिम कुटुंब राहतं. आधी त्यांनी पुष्कळ घरं पाहिली होती. शेजारच्या दोघांनी मला समजावायचा प्रयत्न केला. मी त्यांना वाटेत जखमी पडलेल्या परक्या माणसाला मदत करणाऱ्या शोमरोन्याची (गुड समॅरिटनची) गोष्ट आठवून दिली. येशूने 'शेजारी' कोण ते सांगताना मुद्दाम त्या माणसाला पुढे केलं ज्याच्याशी त्याचे श्रोते संबंधच ठेवत नसत.

आमच्या कॅथलिक बायबलात तोबीत नावाचं पुस्तक आहे. त्यात बाप मुलाला सांगतो, जे तुला स्वतःला आवडत नाही ते दुसऱ्या कुणाला करू नकोस. येशू त्याच्या पुढे जातो असं मला वाटतं. नुसतं त्रास न देणं पुरत नाही, दार उघडावं लागतं.

शीव

मी दादरला घरोघरी पोळ्या करते. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, आमच्या देवळात बारा ते तीन उपासना असते, वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर. एका घरी आजी आहेत, कडक एकादशीवाल्या. पहिल्याच वर्षी त्यांनी विचारलं, "तुमचा उपासाचा दिवस कोणता गं? मला आधी सांग, मी त्या दिवशी बोलावणार नाही." पगार कापला नाही. एवढंच लिहायचं होतं.

मालाड, कॉल सेंटर

वरच्या लोकांचे अनुभव वाचून एक शंका विचारतो. मी टीम लीडर आहे. कुणाची चूक झाली तर सगळ्यांसमोर बोलत नाही, बाजूला घेऊन सांगतो, कारण मला तसंच सांगितलेलं आवडेल. पण काही जण याचा फायदा घेतात. त्यांना काहीच बोलायचं नाही का?

गिरगावातून, मालाडच्या भावासाठी

बोलायचं. योहानाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात प्रमुख याजकापुढे शिपाई येशूला चपराक मारतो. येशू उलट हात उचलत नाही, पण गप्पही बसत नाही. मी वाईट बोललो असेन तर ते सिद्ध कर, नाहीतर मला का मारतोस, असं तो विचारतो. मी चुकत असेन तर मला कुणी स्पष्ट सांगावं असं मला वाटतं. मग दुसऱ्यालाही ते सांगणं मी देणं लागतो. बाजूला घेऊन सांगता आहात तेच चालू ठेवा, फक्त पुढे काय होईल तेही स्वच्छ सांगा.

चर्नी रोड, निवृत्त शिक्षक

आपल्या जवळचाच एक दाखला देतो. पंडिता रमाबाईंनी विधवांसाठी शारदा सदन काढलं ते 1889 च्या मार्चमध्ये, इथे चौपाटीजवळ. त्या आधीच, 1883 मध्ये इंग्लंडात, त्यांचा बाप्तिस्मा झाला होता. तरी सदनातल्या हिंदू मुलींना त्यांचे सोवळ्याचे आणि जेवणाचे नियम पाळायची मोकळीक होती. रमाबाईंना स्वतःच्या श्रद्धेबाबत कुणाचं दडपण सहन होत नसे. इंग्लंडातल्या चर्चच्या वडीलधाऱ्यांशीही त्या यावरून ठामपणे वाद घालत. स्वतःसाठी मागितलेली मोकळीक त्यांनी आश्रयाला आलेल्या मुलींनाही दिली. पुढे धर्मांतरावरून मोठं वादळ उठलं, तो इतिहास सर्वांना ठाऊक आहे. मला मात्र त्यांचा हा सुरुवातीचा निर्णय फार मोठा वाटतो. आश्रय देणाऱ्याच्या हाती सत्ता असते, आणि या वचनाची खरी परीक्षा तिथेच होते.

कुर्ला

26 जुलै 2005. सांताक्रुझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस. मी बांद्र्याच्या ऑफिसातून चालत निघाले होते, कलिन्यापाशी पाणी छातीला लागलं. कोळे-कल्याण गावठाणातल्या एका घरातून हाका मारून आम्हा अनोळखी बायकांना आत घेतलं. कोरडे कपडे, चहा, भात, सगळं दिलं. पण मला लक्षात राहिली ती त्या घरच्या बाईंची एक गोष्ट. त्यांनी आम्हाला आतली खोली दिली, कडी आतून लागते हे स्वतः लावून दाखवलं आणि घरातल्या पुरुषांना ओटीवर झोपायला पाठवलं. परक्या घरी रात्र काढणाऱ्या बाईला काय हवं असतं, हे त्यांना न सांगता कळलं. आमच्या घरी आता गावाकडून परीक्षेला, इंटरव्ह्यूला मुली येतात. त्यांच्या खोलीला पहिल्यांदा मी कडी बसवून घेतली.

वांद्रे

मयताला सगळे येतात, महिन्याच्या मिस्सालाही (चर्चमधल्या प्रार्थनाविधीलाही) येतात. त्यानंतर घर रिकामं होतं. मी विधवा झाले तेव्हा हे सोसलं आहे, म्हणून आमच्या पॅरिशमध्ये, म्हणजे आमच्या चर्चच्या विभागात, आम्ही काही जणी महिना उलटल्यावर जायला लागतो. उपदेश करत नाही. बँकेत नाव बदलायचं असतं, पेन्शनचे कागद असतात, गॅसचं कनेक्शन असतं. सोबत रांगेत उभं राहतो. भायखळ्याच्या सिस्टर, तुमच्या भागात एक आजोबा सध्या एकटे पडले आहेत. त्यांना इंजेक्शनसाठी दवाखान्यात न्यावं लागतं. तुम्हाला जमेल का, ते कळवा. त्यांना आधी विचारूनच तुमचा नंबर देईन.