विषाणू मध्येच गायब कुठे होतात?

अर्धवटराव: मुलीचं जीवशास्त्राचं पुस्तक चाळत होतो. जिवाणूंचं कळलं, एकाचे दोन, दोनाचे चार, रेघ आपली चढतच जाते. पण पुढच्याच पानावर फेजचा म्हणजे जिवाणूंना लागण करणाऱ्या विषाणूचा ग्राफ आहे, त्यात लागण झाल्यावर थोड्या थोड्या वेळाने पेशी फोडून आतले विषाणू मोजलेत, तर पहिली दहा-बारा मिनिटं आकडा जवळजवळ शून्य आणि मग एकदम भराभर वर! अहो मग आत गेलेला तो विषाणू गेला कुठे? मेला म्हणावं तर नंतर शंभरेक आले कुठून? मुलगी म्हणते "बाबा, लपला असेल", मी गप्प.

पेट्रीडिश: लपला नाही, सुटा झाला. मी काही वर्षं फेजवरच काम केलंय म्हणून जरा लांबण लावतो. आधी मोजतात कसं ते बघा. प्लेटवर जिवाणूंचा पांढुरका थर वाढवायचा, त्यात नमुना मिसळलेला असतो, दुसऱ्या दिवशी प्लेट उजेडासमोर धरली की थरात काचेसारखे स्वच्छ ठिपके दिसतात. एक ठिपका म्हणजे सुरुवातीला तिथे एक अख्खा विषाणू होता. अख्खा हा शब्द महत्त्वाचा. टी४ फेज जिवाणूवर बसतो, आपला डीएनए आत सोडतो आणि प्रथिनांचं टरफल बाहेरच राहतं. १९५२ मध्ये हर्शी आणि चेस यांनी लागण झालेले जिवाणू चक्क मिक्सरमध्ये घुसळून ती टरफलं झाडून काढली होती आणि तरी आतून नवे विषाणू तयार झालेच. तर त्या दहा-बारा मिनिटांत पेशी फोडलीत तर हाती लागतो उघडा डीएनए आणि थोडी प्रथिनं, त्यातून दुसऱ्या जिवाणूला लागण होत नाही, ठिपका पडत नाही, आकडा शून्य. मग डोकी वेगळी, शेपट्या वेगळ्या, पायांसारखे तंतू वेगळे असे तयार होतात, डोक्यात डीएनए ठासून भरला जातो आणि सगळं जोडलं जातं. साधारण २५-३० मिनिटांत पेशी फुटते आणि शंभर-दोनशे बाहेर. विषाणू वाढत नाही की दुभंगत नाही, त्याची जुळणी होते.

उगाचच: एवढं कशाला, विषाणू म्हणजे बारीक जिवाणूच. अँटिबायोटिक घेतलं की दोन्ही मरतात.

पेट्रीडिश: @उगाचच नाही हो, इथेच घोळ होतो. पेनिसिलिन जिवाणूला भिंत नीट बांधू देत नाही, विषाणूला ती भिंतच नसते. काही अँटिबायोटिक जिवाणूच्या रायबोसोममध्ये, म्हणजे प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रात, खोडा घालतात, पण विषाणूकडे स्वतःचे रायबोसोम नाहीत, तो ज्या पेशीत शिरतो तिचे वापरतो. औषधाने धरायचं कुठे?

अर्धवटराव: वा, मुलीला ठिपक्यांचं सांगितलं, पटलं. पण आता तिनेच दुसरं काढलं. ई. कोलाय हा जिवाणू २० मिनिटांत दुप्पट होतो असं एका जागी आणि त्याचा डीएनए कॉपी व्हायला ४० मिनिटं लागतात असं दुसऱ्या जागी. छपाईची चूक का?

रात्रपाळी: चूक नाहीये, दोन्ही बरोबर आहे. ४६ लाख अक्षरजोड्यांचा (बेस पेअर) गोल डीएनए, एका ठिकाणाहून दोन्ही बाजूंनी कॉपी सुरू होते, सेकंदाला साधारण हजार जोड्या एका बाजूने, हिशोब करा, ४० मिनिटांच्या आसपास येतो. युक्ती अशी की पहिली कॉपी संपायची वाटच बघत नाही, अर्ध्यात असतानाच नव्या धाग्यांवर पुढची सुरू. म्हणजे आई पोटुशी आणि पोटातली लेकही पोटुशी. पण हे सगळं खायला भरपूर असलं तरच हं, उपासमारीत असलं काही चालत नाही. आणि टीबीचा जिवाणू तर एकदा दुभंगायला १५-२० तास घेतो, म्हणून कल्चरचा रिपोर्ट यायला आठवडे लागतात.

अर्धवटराव: पोटुशी लेक ऐकून ती पाच मिनिटं हसत होती. आता वहीत गोलात गोल काढत बसलीये.