पुन: किल्ल्यांचा निधी नक्की देतं कोण?

वर कुणीतरी विचारलंय की शिवरायांच्या किल्ल्यांना युनेस्कोचं नाव लागलं, आता पैसा आला असणार, मग राज्य सरकार झोपलंय का. अहो युनेस्को पैसे वाटत नाही हो, त्यांचा फंड अगदी तुटपुंजा असतो, खर्च ज्याचा त्याने करायचा. २०२५ च्या जुलैमध्ये जे १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले त्यातला जिंजी तमिळनाडूत, बाकी ११ आपले, पण त्या ११ मधले ७ केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे आणि फक्त साल्हेर, राजगड, प्रतापगड, खांदेरी हे ४ राज्याकडे. म्हणजे सिंधुदुर्गाची भिंत ढासळली तर मंत्रालयासमोर बोंबलून उपयोग नाही, ती फाईल दिल्लीच्या खात्याची.

रायगडाचं तर अजूनच भारी, राज्याने गडाच्या विकासासाठी वेगळं प्राधिकरण काढलं, पैसे मंजूर केले, पण गड केंद्राचा, त्यामुळे वर एक दगड बसवायचा तरी आधी त्यांची परवानगी. आणि खाली पार्किंग, संडास, कचरा हे शेवटी ग्रामपंचायतीच्याच गळ्यात, जिचं बजेट ते केवढं!

माझं म्हणणं एवढंच की जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून गडकोटांसाठी पैसे काढता येतात ना, मग ते असंरक्षित, म्हणजे सरकारच्या संरक्षित स्मारकांत नसलेल्या किल्ल्यांवर आधी घाला, कारण त्यांना ना केंद्र विचारतं ना राज्य. तुमच्या जिल्ह्यात यंदा त्यातून काय काम झालं, कुणी माहिती अधिकारात मागवलंय का?