स्ट्रासबर्गची मालवाहतूक
पेनसिल्व्हेनियातील स्ट्रासबर्ग रेलरोड आता केवळ पर्यटकांसाठी उरली आहे, असे म्हटले जाते; त्यात थोडी भर घालावीशी वाटते. फिलाडेल्फियाहून कोलंबियाकडे जाणारा मुख्य मार्ग गावाला वगळून जात असल्याने, आपला व्यापार मागे पडेल या भीतीने 1832 मध्ये या जेमतेम सात किलोमीटरच्या फाट्याची सनद मिळवण्यात आली. 1950च्या दशकाच्या अखेरीस तो बंद करण्याचा अर्ज झाला, तेव्हा काही रेल्वेप्रेमींनी तो विकत घेतला (हौसेला मोल नसते ते असे!). पर्यटकांमुळे तो तगला हे खरेच. मात्र मुख्य मार्गाला जोडणाऱ्या लीमन प्लेस येथे नॉरफोक सदर्न या मोठ्या मालवाहू रेल्वे कंपनीशी मालडब्यांची देवाणघेवाण आजही होते.