किटं वाटली म्हणजे झालं काय?

वर एकांनी लिहिलंय की वाटलेल्या मदतीच्या किटांचा आकडा वाढला म्हणजे पूरग्रस्त पोरांचं काम नीट चाललंय, ते काय पटत नाही बगा. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा सगळ्याच फुगल्या, आमच्या बेळगाव जिल्ह्यात (कर्नाटकात) निपाणी-चिक्कोडीकडं माणसं शाळांत आणून ठेवलेली, अशा ठिकाणी किटं मोजण्यापेक्षा सहा महिने ते पाच वर्षांच्या पोरांच्या दंडाला मापाची पट्टी लावून घेर बघायला पाहिजे, साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली म्हणजे तीव्र कुपोषण, लगेच उपचार. युनिसेफवाले पण टार्गेटपैकी किती पोरांपर्यंत पोचलो ते मोजतात, नुसतं गोडाऊनातनं काय गेलं ते नव्हे. आणि तक्रारीचा फॉर्म फक्त कन्नडात असला तर आमच्याकडच्या मराठी बोलणाऱ्या आयांनी काय भरायचं (राजकारण नव्हे हां हे)? आणि कुठल्या वयाच्या किती पोरांपर्यंत पोचलो ते कळायला वाटपाच्या रजिस्टरात वयाचा एक वेगळा कॉलम पाडायला तर काय खर्च येत नाही.