ट्रान्सपोज आणि अडकलेला सूर

एकाने विचारलंय की कीबोर्डवर गाणं चालू असताना ट्रान्सपोज (बटणाने सगळे सूर वर-खाली सरकवण्याची सोय) बदलला की आधीचा स्ट्रिंग्जचा (व्हायोलिनसारख्या आवाजाचा) सूर तसाच का अडकतो. बोर्ड बिघडलेला नाही. नवा ट्रान्सपोज लागतो तो त्यानंतर दाबलेल्या सुराला. सस्टेन पेडलखाली (सूर लांबवणाऱ्या पायपट्टीखाली) धरलेले सूर जुन्याच पट्टीत (स्केलमध्ये) राहतात. पेडल सोडा, बोटं उचला, मग बटण.

मिडीने (कोणता सूर दाबला हे कळवणाऱ्या जोडणीने) लॅपटॉप जोडला असेल तर आणखी एक भानगड. बोर्डावर +१ (म्हणजे अर्धा सूर वर) आणि सॉफ्टवेअरमध्येही +१ असेल, तर बोटं पांढरी एकमध्ये (C) असताना गायिकेची काळी एक (C#) तुमची पांढरी दोन (D) होते. एकाच ठिकाणी ठेवा, दुसरीकडे शून्य. आणि ऑडिओ लूप (रेकॉर्ड केलेले, पुन्हा पुन्हा वाजणारे तुकडे) बहुतेक बोर्डांवर ट्रान्सपोज होतच नाहीत, ते तपासाच.

पांढरी एकमध्ये बोटं ठेवून काळी पाच (A#) हवी तर +१० नको, -२ करा. फक्त हात एक सप्तक वर न्यायचा.

गणपतीत मांडवात एकामागून एक फर्माइशी येतात, तेव्हा बटणं मोजायला वेळ कुठला? प्रत्येक गाण्याचं रजिस्ट्रेशन (बोर्डाची सगळी सेटिंग्ज एका बटणावर) ट्रान्सपोजसकट सेव्ह करा. बासरीवाल्याला मात्र पट्टी खऱ्या सुराची सांगा, बोटाखालची नव्हे. बाकी, पुण्यातले जुने पेटीवाले बारा पट्ट्यांत वाजवतात, त्यांना यातलं काहीच लागत नाही!